नव्याचे नऊ दिवस: नव्या जागी राहायला गेल्यावर सवयींचं काय करायचं

कऱ्हाडहून डोंबिवलीला आले तेव्हा भाड्याचं घर मिळालं ते थेट रुळांच्या कडेला. पहिल्या रात्री अडीचच्या सुमारास मालगाडी गेली. ओट्यावर रिकामे स्टीलचे डबे एकावर एक रचून ठेवले होते, त्यांची झाकणं किणकिणायला लागली आणि मी उठूनच बसले. गाडी संपेचना. अठ्ठेचाळीस डबे मोजले आणि पुढे नाद सोडला.

तिसऱ्या आठवड्यात मावसबहीण राहायला आली. सकाळी डोळे चोळत म्हणाली, "ताई, रात्रभर गाड्या! तू झोपतेस कशी?"

"कुठल्या गाड्या?" मी विचारलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारलं.

नोकरी, कॉलेज, लग्न, बदली, कशानेही नुकतं घर बदललेल्यांसाठी हे लिहितेय. 'नव्याचे नऊ दिवस' आपण टोमणा मारायलाच वापरतो: चार दिवस उत्साह, मग आहेच ये रे माझ्या मागल्या. मला मात्र आता वाटतं की या दिवसांत दोन गोष्टी करता येतात आणि नंतर त्या फार जड जातात. एक, जागा आहे तशी दिसते. दोन, आपल्या जुन्या सवयी थोडा वेळ सैल झालेल्या असतात.

आधी एक भाषेतली गंमत. आपण म्हणतो, गाड्यांच्या आवाजाची सवय *झाली*. आणि म्हणतो, जेवताना मोबाइल बघायची सवय *लागली*. बोलताना सीमा थोडी पुसट असते, पण दोन वेगळ्या गोष्टींना आपण वेगळी क्रियापदं ठेवली आहेत हे खरं. सवय होते तेव्हा एखादी गोष्ट जाणवणं कमी होतं. सवय लागते तेव्हा एखादी गोष्ट न ठरवता हातून व्हायला लागते. तिसरंही क्रियापद आहे, सवय *लावणे*, आणि आपल्याला जे काही करता येण्यासारखं आहे ते त्यात आहे.

पहिलं काम: सामान सोडण्याआधी यादी

पहिल्या दोन दिवसांत एक वही घ्या आणि जे जे टोचतंय, खटकतंय, विचित्र वाटतंय ते लिहा. आवाज, वास, उजेड, माणसं. नीटनेटकं लिहू नका आणि 'यात काय लिहायचं' असं म्हणून काही गाळू नका. माझ्या यादीतलं थोडं देते:

१. मालगाडी, रात्री.
२. मोरीचा वास.
३. समोरच्यांच्या कुकरच्या पहाटे तीन शिट्ट्या. बरोबर तीन.
४. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा नाही, शेवटच्या पायऱ्या आखूड.
५. स्वयंपाकघरात खिडकीखाली ओल.
६. कचरा न्यायला दादा येतात तेव्हा सगळे "कचरा आला" म्हणतात.
७. त्यांना पाणी देतात ते दाराबाहेर, चरे पडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यातून. तो पेला फक्त त्यांचाच.

घाई करायचं कारण असं की ही यादी तिसऱ्या आठवड्यात करता येत नाही. तेव्हा लिहायला बसाल तर 'सगळं ठीक आहे' एवढंच सुचेल. १८८७ साली अमेरिकेतल्या जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या जोडप्याने कोळ्यांवरचे प्रयोग छापले. शाळेत असतो तसला नादकाटा वाजवून कोळ्याजवळ धरला की तो घाबरून जाळ्यातून खाली पडायचा, धाग्याला लोंबकळायचा, मग परत वर चढायचा. पुन्हा वाजवला की पुन्हा खाली. पण काही वेळाने त्याने पडणंच सोडलं. तो बहिरा झाला नव्हता. या आवाजातून काही निष्पन्न होत नाही, एवढं त्याच्या शरीराने ओळखलं होतं. पुढे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर काम करून दाखवलं की त्याच जागी पुन्हा पुन्हा हलका स्पर्श होत राहिला की एका चेतापेशीकडून दुसरीकडे जाणारा रासायनिक संदेशच क्षीण होत जातो. शिकणं आणि आठवण यांवरच्या अशा कामासाठी २००० सालचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

म्हणजे माझे कान शाबूत होते. मेंदू प्रत्येक गाडीला 'कालचीच ना? मग जाऊ दे' म्हणत होता. आणि म्हणजेच तो ऐकतही होता. याचा पुरावा मला मार्च २०२० मध्ये मिळाला. लोकल बंद झाल्या आणि दुसऱ्याच पहाटे पहिल्या लोकलच्या वेळेला मला टक्क जाग आली. कशाने, ते पाच मिनिटं कळेना. गाडी गेली नव्हती, त्याने.

दुसरं काम: यादीवर खुणा

प्रत्येक ओळीपुढे दोनपैकी एक खूण करा: 'सवय होऊ दे' किंवा 'सवय होऊ द्यायची नाही'. हे आत्ताच करा, कारण नंतर मन सगळ्यालाच पहिली खूण करतं.

कुकरच्या शिट्ट्या पहिल्या रकान्यात. देवळातली घंटा, वरच्या मजल्यावरचं मूल पळतं ते, भाषेचा वेगळा हेल, सगळं तिथेच. यांच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका; नवव्या-दहाव्या दिवशी ते आपोआप मागे सरकतं. उलट रोज त्यावर चिडलात तर सरकायला वेळ लागतो, कारण चिडून आपणच त्या आवाजाला महत्त्व देत असतो.

भिंतीची ओल मात्र दुसऱ्या रकान्यात. ओल हळूहळू वाढते, आणि डोळा हळूहळू वाढणाऱ्या गोष्टींना फार लवकर माफ करतो. मी पेन्सिलने ओलीच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. महिन्याने ओल रेघेच्या चार बोटं बाहेर होती आणि मला 'आहे तेवढीच' वाटत होती. रेघेचा फोटो घरमालकांना पाठवल्यावर ते प्लंबर घेऊन आले. 'ओल वाढतेय' असं नुसतं तोंडी सांगितलं होतं तेव्हा आले नव्हते.

वासाबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. नाक सगळ्यांत लवकर हार मानतं. मोरीचा वास पाच-दहा मिनिटांत जातो, म्हणजे वास तिथेच असतो, आपल्याला येईनासा होतो. सिलिंडरच्या गॅसला मूळचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. आता गंमत बघा, तुम्हाला वास आला, तुम्ही दोन मिनिटं शोधत राहिलात आणि वास 'गेला', तर गॅस गेला असं समजायचं नाही. नाक थकलेलं असू शकतं. वास एकदा आला एवढं पुरे: रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, दिव्याच्या बटणाला हात नाही, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. बाहेरून येणाऱ्या माणसाला "वास येतोय का?" असं विचारणं हा चांगला उपाय, फक्त त्याने बेल वाजवता कामा नये.

रात्रीच्या गाड्या कुठल्या रकान्यात, यावर मी चुकले होते. पहिल्यात टाकल्या होत्या. झोपमोड थांबते हे खरं, पण झोपेतही आवाजाला हृदयाचे ठोके प्रतिसाद देत राहतात, आणि ती सवय तितकीशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या शिफारशीत रेल्वेचा रात्रीचा आवाज सरासरी ४४ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. आमच्या खिडकीत उभं राहून ते वाचताना हसूच आलं. तरी पलंग रुळांच्या भिंतीपासून हलवून आतल्या खोलीत नेला आणि खिडकीला जाड पडदा लावला. तुम्हीही न्या. 'मला आता ऐकूच येत नाही' हे कारण पुरेसं नाही.

तिसरं काम: सवय लागण्याआधी लावा

नव्या घरातला पहिला महिनाभर मी बाथरूममध्ये शिरताना डाव्या हाताने भिंत चाचपायची. पाची बोटं पसरून, खांद्याच्या उंचीवर, थोडं खाली, परत वर. तिथे गुळगुळीत टाइल. बटण उजवीकडे, दाराबाहेर. कऱ्हाडच्या घरात ते डावीकडे आत होतं. मला ठाऊक होतं की बटण बाहेर आहे. हाताला ठाऊक नव्हतं.

लागलेली सवय अशी जागेला चिकटलेली असते. अमेरिकेतल्या वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर एक मजेशीर प्रयोग छापला. सिनेमागृहात लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे, काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमाबरोबर पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच संपवले. चव आवडली नाही हे ते स्वतःच सांगत होते, तरी हात चालू! पण तशीच पक्की सवय असलेल्या इतरांना मीटिंगच्या साध्या खोलीत बसवलं, किंवा नेहमीच्या नाही तर दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा शिळे पॉपकॉर्न उरले.

आता घर बदलणाऱ्यांच्या फायद्याचं. जागा बदलली की सवय अडकवायला खुंटीच राहत नाही. इंग्लंडमध्ये बास व्हरप्लांकन यांनी पीटरबरो शहरातल्या ८०० जणांवर काम केलं, निम्मे नुकतेच घर बदललेले, निम्मे जुनेच रहिवासी. पाणी-वीज वाचवणं, कमी गाडी वापरणं अशा गोष्टींसाठी दोन्ही गटांतल्या काहींना सारखीच मदत दिली. नुकतं घर बदललेल्यांवर तिचा परिणाम जास्त झाला, आणि ही संधी घर बदलल्यापासून साधारण तीन महिनेच टिकते असं दिसलं.

तेव्हा तीन महिने हातात आहेत असं धरा आणि सामान लावताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू इथे ठेवली तर माझा हात रोज काय करेल? मी फोनचा चार्जर बैठकीच्या खोलीत टीव्हीमागे लावला, उशाशी नाही. बिस्किटांचा डबा माळ्यावर, शेंगदाण्यांचा ओट्यावर. चालायचे बूट दाराशी, कपाटात नाही. एवढ्याने रात्री फोन बघणं आणि चहाबरोबर चार बिस्किटं, दोन्ही सुटलं. त्यात माझा निर्धार कुठेच नव्हता, त्यामुळे श्रेय घ्यायला जरा संकोच वाटतो.

फसलेलं पण सांगते. पहाटे साडेपाचला उठून सूर्यनमस्कार, रोज डायरी, आठवड्याचा हिशोब, रात्री पुस्तक, घरचाच डबा: हे सगळं एकदम सुरू केलं. अकराव्या दिवशी सगळं एकदम बंद. यातला घरचा डबा तेवढा पुढे तगला, कारण त्याला खुंटी मिळाली. 'रोज डबा करायचा' असं म्हणणं सोडलं आणि 'चहाचं आधण ठेवलं की लगेच शेजारच्या शेगडीवर तवा ठेवायचा' असं ठरवलं. आधण तर रोज ठेवतेच. एका वेळी एक सवय घ्या, फार तर दोन, आणि प्रत्येकीला आधीपासून रोज घडणारी एक गोष्ट जोडून द्या.

किती दिवस लागतात

२१ दिवस, असं व्हॉट्सॲपवर रोज येतं. त्याचं मूळ बहुतेक मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सवय *व्हायला*, लागायला नव्हे! आणि 'किमान' हा शब्द वाटेत गळून पडला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून नोंदी ठेवल्या, तेव्हा ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस आला. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं. जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायामाला वेळ लागतो. मला यातला सगळ्यांत उपयोगी निष्कर्ष वेगळाच वाटला: मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. एक दिवस राहिला म्हणून 'गेलं सगळं' असं म्हणत सोडून देणं, हीच आपली जुनी खोड.

जिभेचंही असंच. नव्या गावातली खानावळ खारट लागते, मग दोन महिन्यांनी घरचंच अळणी लागायला लागतं. उलटही होतं, मीठ थोडं थोडं कमी केलं की काही आठवड्यांनी पूर्वीची आमटी खारट लागते. घाई मात्र चालत नाही.

चौथं काम: पायंडे

माणसांच्या बाबतीत सवयीला आपण पायंडा म्हणतो, आणि तो पहिल्या महिन्यातच पडतो. नव्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात रात्री अकराला आलेल्या मेसेजला मी तत्परतेने उत्तर दिलं. छाप पडावी म्हणून. दुसऱ्यांदा दिलं. महिन्याभरात रात्री अकराचं उत्तर हे माझं काम होऊन बसलं आणि एक दिवस दिलं नाही तर सकाळी "बरं नव्हतं का?" अशी चौकशी झाली. पायंडा मोडायला मला सहा महिने लागले. न पाडायला एक रात्र पुरली असती. त्यामुळे जे वर्षभर निभावता येणार नाही ते पहिल्या आठवड्यात दाखवू नका. शेजारच्या काकूंची भाजी आणून देणंसुद्धा याच हिशोबात धरा. जमणार असेल तर जरूर करा, पण 'पहिलं पहिलं' म्हणून नको.

लोकलचं वेगळं शास्त्र आहे. ठरलेल्या गाडीचा ठरलेला डबा, ठरलेल्या बायका, ठरलेल्या जागा. नवखीला आधी ते सगळं उर्मट वाटतं. मी पहिल्या दिवशी खिडकीशी बसले तर एकीने फक्त बघितलं. बोलली काही नाही. उठले. दोन आठवडे दाराजवळच्या दांडीला लटकून बघत राहिले, तेव्हा कळलं की कोण कुठे उतरतं हे सगळ्यांना पाठ आहे, आणि "कुठे?" असं विचारलं की उतरणारीची जागा बोलून ठेवता येते. तिघींच्या बाकावर कडेला, चौथ्या सीटवर टेकायला मिळालं त्या दिवशी कुणीतरी चिक्कीचा तुकडा पुढे केला. नव्या गटात शिरताना पंधरा दिवस नुसतं बघायचं, हा नियम मी तिथून उचलला.

पण बघताना सावध राहा, कारण गटाबरोबर गटाचं न बघणंही अंगात येतं. माझ्या यादीतले सहावा आणि सातवा मुद्दा बघा. पहिल्या दिवशी "कचरा आला" ऐकून मला कसंसंच झालं होतं. अडीच महिन्यांनी दारावर थाप पडली आणि आतून मीच ओरडले, "आले हं, कचरा आलाय वाटतं." दादा दारातच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, कारण त्यांनाही त्याची सवय झालेली. कान किंवा नाक मरतं तेव्हा आपलं नुकसान होतं, नजर मरते तेव्हा दुसऱ्याचं. असल्या ओळींपुढे 'सवय होऊ द्यायची नाही' अशी खूण तर कराच, पण लगेच एक कृतीही जोडा, नाहीतर खूण वहीतच राहते. मी नाव विचारलं. नावाने हाक मारायला लागल्यावर जिभेला तो दुसरा शब्द सापडेनासा झाला. पाणी आता आमच्या घरातल्याच तांब्या-भांड्यातून जातं. शेजारी एकदा त्यावरून बोलणं झालं, त्याबद्दल इथे नको.

पाचवं काम: उसने डोळे

तीन महिने झाले की वही काढा आणि पहिली यादी मोठ्याने वाचा. बऱ्याच ओळींवर 'हे मी लिहिलंय?' असं वाटेल.

नजर पुन्हा ताजी करायचे मार्ग फार नाहीत, पण आहेत. गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परत आलात की कुलूप काढल्यावर पहिली दोन मिनिटं काही न करता उभे राहा. मधे खंड पडला की दबलेला प्रतिसाद थोडा वेळ परत येतो, घराचा स्वतःचा वास येतो, सोफ्यावरचा डाग दिसतो. कधीतरी रोजचा रस्ता मुद्दाम मोडा. २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, लोकांना नाइलाजाने वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या, आणि संप मिटल्यावर साधारण ५ टक्के लोक नव्या वाटेवरच राहिले. इतकी वर्षं रोज जाऊनही त्यांना सोयीची वाट सापडली नव्हती.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे पाहुणा. त्याला चहा द्या आणि "घरात काय खटकतं, खरं सांग" म्हणून विचारा. वाद घालू नका, लिहून घ्या.

माझी आई चौथ्या महिन्यात आली. तिला विचारावं लागलंच नाही. संध्याकाळी पिशव्या घेऊन मी पुढे झपझप चढले आणि मागून तिची हाक आली, "अगं थांब, इथं काही दिसत नाही." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला धरून उभी होती, एक पाय आखूड पायरीच्या कडेवरून निसटलेला. यादीतला चौथा मुद्दा. रोज दोनदा त्या अंधारातून मी जात होते, आणि पायांना पायऱ्या पाठ झाल्यामुळे तिथे अंधार आहे हेच विसरले होते. पुढच्या सकाळी होल्डर आणि नऊ वॅटचा बल्ब आणला, वायरमनने अर्ध्या तासात लावून दिला. वळणावर आता लख्ख उजेड असतो. पुढचे पंधरा दिवस तरी तिथे आलं की माझा हात आपोआप भिंतीकडे जात होता.